न मोडलेलें यंत्र

घरांतील वस्तूंचे आमच्या मतें दोन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग मोडल्या म्हणजे बंद पडणाऱ्या वस्तूंचा. छत्रीची काडी तुटली, घड्याळाची कमान गेली, कीं काय बिघडलें तें डोळ्यांस दिसतें, आणि कोणाकडे जावें हेंहि कळतें. दुसरा वर्ग अलीकडचा आहे. त्यांतील वस्तु मोडलेली नसते, तिचा एकहि भाग झिजलेला नसतो, तरी ती काम करीत नाहीं. कारण तिचें भांडण स्वतःशीं नसून शेजाऱ्याशीं असतें. तारेवांचून चालणारा आणि घरच्या वाय-फायवर अवलंबून असणारा स्पीकर हा या दुसऱ्या वर्गाचा अग्रणी होय. त्याला ध्वनिक्षेपक म्हणावें असें आमच्या मनांत पुष्कळ होतें. परंतु घरांत लहानथोर सर्व त्याला स्पीकरच म्हणतात, तेव्हां आम्हीहि तसेंच म्हणतों.

हा स्पीकर आमच्या घरीं आला तो तात्यांसाठीं. तात्या म्हणजे आमचे तीर्थरूप. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, दृष्टि मंदावलेली, वर्तमानपत्र वाचणें सुटलेलें. दिवेलागणीस तासभर गाणीं ऐकणें हा त्यांच्या दिवसांतला मोठा आनंद. १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालें, तेव्हां तात्या कॉलेजांत होते आणि खानावळीच्या मालकाच्या रेडिओसाठीं दारांत उभे राहत. छप्पन्न गीतांचा तो ठेवा आज त्यांना हवा तेव्हां ऐकतां येतो, ही या नव्या यंत्राची कृपा आम्ही नाकारीत नाहीं. स्पीकरच्या माथ्यावर एक बटण आहे. तें दाबलें कीं त्यांचीं नेमलेलीं गाणीं सुरू होतात. बोटाला जागा पाठ झालेली, त्यामुळें डोळ्यांचें काम नाहीं आणि कोणाची मिनतवारीहि नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही आठवडाभर परगांवीं होतों. त्या अवधींत इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन जुना राउटर काढून नवा बसवून गेला. सर्वांच्या मोबाइलांस नव्या जाळ्याचें नांव व पासवर्ड त्यानेंच देऊन ठेवला. कोपऱ्यांतल्या स्पीकरकडे मात्र त्याचें लक्ष गेलें नाहीं. आम्ही परत आलों त्या सायंकाळीं घरांत गाणें नव्हतें. विचारतां तात्या म्हणाले, "राहूं दे रे. माझ्या हातून कांहीं तरी भलतें दाबलें गेलें असेल. पांच दिवस झाले. तुम्हांला सांगून उगाच त्रास कशाला!"

हें उत्तर आम्हांस जिव्हारीं लागलें. यंत्राचें मौन फार मोठें नव्हतें. परंतु त्या मौनाचा अपराध एका वृद्धानें मुकाट्यानें स्वतःच्या माथीं घेतला होता, आणि प्रायश्चित्त म्हणून गाणेंहि सोडलें होतें. खरा दोष कोठें आहे हें शोधून काढणें त्यामुळें केवळ सोयीची बाब राहिली नाहीं.

शोध आरंभिला तेव्हां घरांत मतांचा दुष्काळ नव्हता. कन्येच्या मतें पासवर्ड चुकीचा. चिरंजीवांच्या मतें स्पीकर जुना झाला, नवा आणावा. सौभाग्यवतींचा रोष दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतीवर. मोबाइलवर मात्र एकच वाक्य पुनःपुन्हां उमटत होतें : "जोडतां आलें नाहीं, पुन्हां प्रयत्न करा." या वाक्यांत कर्ता नाहीं, कारणहि नाहीं. जेथें कारण सांगितलेलें नसतें तेथें ज्याचें मन हळवें तो तें आपल्याकडे ओढून घेतो, आणि ज्याचें धीट तो दुसऱ्यावर लोटतो.

आम्हीं एक नियम केला. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि तिचा परिणाम पाहिल्यावांचून दुसरीला हात लावावयाचा नाहीं. स्पीकरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे वीज येत होती. त्याच्याच शेजारीं मोबाइल ठेवला तर त्यावर इंटरनेट उत्तम चालत होतें. विहिरींत पाणी होतें. दोष दोराचा होता. स्पीकर अजून जुन्या जाळ्याचेंच नांव धरून बसला होता, हें उघड होतें. त्याला नवें नांव सांगावें कसें? त्याला अक्षरांच्या कळा नाहींत. बटण कांहीं क्षण दाबून धरलें म्हणजे तो स्वतःचें एक लहानसें तात्पुरतें जाळें पसरतो. मोबाइलनें त्यांत शिरून नवें नांव आणि पासवर्ड त्याच्या कानांत सांगावयाचा. तसें केलें. पासवर्डांतील लहान-मोठीं अक्षरें दोघांनीं तपासलीं. उत्तर तेंच.

नंतर स्पीकर उचलून राउटरच्या टेबलावरच नेऊन ठेवला. तेथेंहि नकार! भिंत निर्दोष सुटली. तथापि तिच्यावरचा संशय अगदींच निराधार नव्हता. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारें सहा. आंखूड लहर अधिक मजकूर वाहून नेते, पण विटा आणि सिमेंट यांत ती लवकर थकते. आमच्या स्पीकरला पहिलीच पट्टी समजते. नव्या राउटरनें दोन्हींस एकच नांव दिलेलें. म्हणून २.४ च्या पट्टीस निराळें नांव देऊन पाहिलें. तरीहि नकार कायम.

राहतां राहिली राखणीची रीत. जाळ्यांत येणाऱ्याची ओळख कशी पटवावी याचे ठराव वेळोवेळीं बदलले आहेत. २००४ सालचा डब्ल्यूपीए-२ हा ठराव पुष्कळ वर्षें चालला. २०१८ सालीं डब्ल्यूपीए-३ हा अधिक कडक ठराव आला. नवा राउटर केवळ हा नवा ठराव मानणारा म्हणून लावला गेला होता, आणि स्पीकर त्यापूर्वींचा. पासवर्ड अक्षरशः बरोबर होता. तो विचारण्याची भाषाच स्पीकरला ठाऊक नव्हती. राउटरला दोन्ही ठराव मान्य करण्याची आज्ञा दिली, आणि लुकलुकणारा दिवा स्थिर झाला.

परंतु कथा येथें संपली नाहीं. स्पीकर जाळ्यांत शिरला, तरी वीतभर अंतरावरील मोबाइलला तो दिसेना. शोधतां कळलें कीं, त्या माणसानें आमचे मोबाइल पाहुण्यांसाठीं राखलेल्या जाळ्यावर घातले होते. या पाहुण्यांच्या जाळ्याची रचना धर्मशाळेसारखी असते. प्रत्येक खोलीला नळाचें पाणी मिळतें, पण दोन खोल्यांमधलें दार बंद असतें. अनोळखी माणसाच्या यंत्रानें घरांतल्या यंत्रांत डोकावूं नये म्हणून हा बंदोबस्त योग्यच आहे. मात्र घरच्याच माणसाला धर्मशाळेंत उतरविलें म्हणजे त्याला स्वयंपाकघर कसें सांपडावें? मोबाइल घरच्या जाळ्यावर आणले, स्पीकर तत्काळ दिसला, माथ्यावरचें बटण पुन्हां नेमून दिलें. या सर्व खटपटींत एकहि सुटा भाग बदलावा लागला नाहीं, एक रुपयाहि खर्चला नाहीं.

असो. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें रेडिओ-केंद्र सुरू झालें. तेव्हांपासून कित्येक घरांनीं एक कळ फिरवून गाणें ऐकलें. रेडिओला परवाना लागे तो सरकारचा; लहर मात्र कोणास नांव विचारीत नसे. रेडिओ केवळ ऐकतो. हा नवा स्पीकर आधीं विचारतो, मग उत्तर देतो, ओळख पटवितो, राउटरकडून स्वतःचा पत्ता मागून घेतो, आणि मग कोठें गातो. जितके प्रश्न तितके नकाराचे प्रसंग. दुतर्फा संवादाची ही किंमत आहे, आणि तिच्या बदल्यांत मनाजोगतें गाणें मनाजोगत्या वेळीं मिळतें. परंतु ही किंमत घरांत सर्वांत जास्त कोण भरतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. ज्याला दिव्याचा रंग दिसत नाहीं, पासवर्ड टिपतां येत नाहीं, आणि दुसऱ्यास हांक मारण्याचा संकोच वाटतो, तो ती भरतो. एकाद्या घरीं वडील माणसानें रोजची एकादी वस्तु वापरणें न बोलतां सोडलें असेल, तर वाचकांनीं ‘आतां त्यांना आवड राहिली नाहीं’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं त्या वस्तूचा दिवा एकदां पाहावा, अशी आमची विनंति आहे.

त्या रात्रीं आम्हीं तात्यांपाशीं बसून सर्व हकीकत सांगितली : नवा राउटर, जुना स्पीकर, दोन ठराव, धर्मशाळेचें बंद दार. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. लहरींच्या लांबीविषयीं त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं; गाणें लावा असेंहि म्हणाले नाहींत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनीं एवढेंच विचारलें, "म्हणजे माझ्या हातून कांहीं झालें नव्हतें ना?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. मग त्यांनीं हात पुढें केला आणि बटण स्वतः दाबलें.