विमानातील पंगत

विमानात आपले अन्न मागून घेण्याची आपल्या समाजाला आता चांगली सवय झाली आहे. तिकीट काढतानाच आपण जैन भोजनाची नोंद करतो. विमान कंपन्यांच्या जगभरच्या व्यवहारात त्यासाठी ‘व्हीजेएमएल’ असा चार अक्षरी संकेतही रूढ आहे. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य केलेला डबा आपल्या आसनापर्यंत येतो, तेव्हा त्यामागे कुणाचे तरी वेगळे शिजवणे, वेगळे भरणे आणि त्यावर आसनाचा क्रमांक चिकटवणे असते. पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचेही तसेच आहे. ज्यांना त्याची काहीच गरज नाही अशा कोट्यवधी ग्राहकांच्या पाकिटांवरही तो छापलेला असतो आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. हे आरंभीच नमूद करतो, कारण ज्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे त्यात मागणारे दुसरे आहेत आणि देणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत.

प्रश्न असा की, शेंगदाणा, काजू, तीळ अशा एखाद्या पदार्थाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेला प्रवासी विमानात असेल, तर त्याच्या रक्षणासाठी कंपनीने तो पदार्थ इतर सर्वांनाही नाकारावा काय?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या घरात नांदतात. आमचा व्यवसाय सुकामेव्याचा. वडिलांनी भवानी पेठेत सुरू केलेली गादी बाजार हलला तेव्हा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आली आणि चाळीस वर्षे मी तिच्यावर बसतो आहे. एका पौंडात किती दाणे बसतात यावरून काजूची प्रत ठरते. ‘२४०’ कोणता आणि ‘३२०’ कोणता, हे मला मुठीत घेताच कळते. आणि खराडीत, जेथून लोहगावला उतरणारी विमाने आमच्या गॅलरीतून दिसतात, त्या घरात माझी सहा वर्षांची नात आहे. तिला काजू चालत नाही. काजू आणि पिस्ता एकाच वनस्पतिकुळातले असल्यामुळे पिस्ताही चालत नाही.

दोन वर्षांची असताना तिने काजूकतलीचा नखाएवढा तुकडा खाल्ला. पाच मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि श्वासाला शिट्टी लागली. रुग्णालय जवळ होते म्हणून मांडीत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले. डॉक्टरांनी नंतर आम्हांला शांतपणे समजावले की, निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून शरीर स्वतःवर उलटते. अशा वेळी रक्तदाब कोसळू शकतो, श्वासमार्ग बंद होऊ शकतो. खाज थांबवणारी गोळी त्यावर पुरेशी नसते; अ‍ॅड्रेनालिन हाच पहिला इलाज. परदेशात त्यासाठी पेनसारखे स्वयंचलित इंजेक्शन पालकांच्या पिशवीत असते. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही. म्हणून कुपीतून औषध ओढून मोजकी मात्रा कशी द्यावी, हे माझ्या मुलाने आणि सूनबाईंनी शिकून घेतले आहे.

आपल्या पथ्यात आणि या पथ्यात एक अंतर आहे, ते मला तेव्हा समजले. आपल्या पानात नकळत कांदा आला तर मन विटते, परंतु आलोचना आहे, प्रायश्चित्त आहे. व्रत पुन्हा सावरता येते. त्या मुलीच्या पानात नकळत काजू आला तर सावरण्यासाठी हाताशी केवळ काही मिनिटे असतात. आणि विमानात, पस्तीस हजार फुटांवर, रुग्णालय कितीही जवळ असले तरी ते खाली असते.

जगाने या प्रश्नाची दखल काही उशिरानेच घेतली. अमेरिकेतील साउथवेस्ट या कंपनीची शेंगदाण्याची पुडी ही तिची अनेक दशकांची ओळख होती. १ ऑगस्ट २०१८ पासून तिने ती बंद केली. त्यापूर्वी, जुलै २०१६ मध्ये, लंडनहून फ्रान्समधील नीसला निघालेल्या नताशा एदनान-लापेरूज या पंधरा वर्षांच्या मुलीने विमानतळावर घेतलेला पाव खाल्ला. पिठातच तीळ मळलेले होते, आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. वडिलांनी जवळची दोन्ही इंजेक्शने दिली, तरीही ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी चालवलेल्या मोहिमेतून ब्रिटनमध्ये नियम बदलला आणि ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवर सर्व घटक लिहिणे बंधनकारक झाले. लक्षात घ्यावे की, तिचा घात विमानातल्या शेजाऱ्याच्या खाण्याने झाला नाही; न लिहिलेल्या घटकाने झाला.

आमच्याच घरात प्रारंभी अशी समजूत होती की, पुढच्या रांगेत कुणी काजूची डबी उघडली तर हवेतूनच मुलीला त्रास होईल. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या सांगण्यावरून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील तज्ज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानाच्या वायुवीजनातून शेंगदाण्याचे वा अन्य नट्सचे कण पसरून बाधा होते, याला त्यांना आधार सापडला नाही. विमानातील हवा दर तीन-चार मिनिटांनी बदलते आणि फिरवली जाणारी हवा सूक्ष्म गाळण्यांतून जाते. खरा धोका आसनाच्या हातांवर, समोरच्या घडीच्या मेजावर आणि पडद्यावर चिकटून राहिलेल्या अंशांचा असतो. मूल तेथे हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. हे अंश निर्जंतुक द्रवाने जात नाहीत. साबण-पाण्याने किंवा ओल्या पुसणीने पुसावे लागतात. दुकानातून घरी परतल्यावर मी कपडे बदलून कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय नातीला उचलत नाही, त्याचे कारण हेच.

याचा अर्थ विमानात काही बंधन नकोच, असा मी घेत नाही. पूर्ण विमानात काजूच्या डब्या विकल्या गेल्या तर तेवढे हात आणि तेवढी मेजे काजूची होतात, आणि पुढच्या फेरीचा प्रवासी त्याच मेजावर हात ठेवतो. जे कंपनी स्वतः वाटते किंवा विकते, त्यावर कंपनीचा ताबा आहे. एखाद्या प्रवाशाने पूर्वसूचना दिली असेल, तर त्या उड्डाणात तो एक पदार्थ गाडीवर न ठेवणे तिला जड नाही. पदार्थ कमी करणे कंपन्यांना अपरिचितही नाही. २०१७ मध्ये एअर इंडियाने देशांतर्गत उड्डाणांतील इकॉनॉमी वर्गाच्या जेवणातून मांसाहार वगळला, तो खर्च आणि नासाडी कमी करण्यासाठी. हिशेबासाठी जे करता येते ते एका जिवासाठीही करता यावे. काजू विकून पोट भरणारा मी हे लिहितो आहे. त्या दोन तासांत न विकल्या गेलेल्या डब्यांनी बाजाराचे काही बिघडत नाही.

परंतु प्रवाशाने घरून आणलेल्या डब्याचे काय? येथे प्रश्न अवघड होतो, आणि तो आपल्या दारात येतो.

गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी आम्ही पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. दुपारी उशिराचे विमान. नातीविषयी कंपनीला आधी कळवले होते. उत्तर असे आले की, तिचे जेवण वेगळे देऊ, परंतु इतरांविषयी आश्वासन देता येणार नाही. तरीही विमानातील एका सेविकेने आपल्या समजुतीने पुढच्या-मागच्या रांगांतील प्रवाशांना विनंती केली. पलीकडच्या आसनावर आपल्याच समाजातील एक वृद्ध काकी होत्या. त्यांचा चौविहार होता. सूर्य खिडकीत उतरू लागला होता आणि त्यांच्या डब्यात काजू-बदाम व काजूकतलीशिवाय दुसरे काही नव्हते. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, मुलीचे दुखणे मला कळते. पण अर्ध्या तासाने मला पाणीसुद्धा चालणार नाही. मी काय करू, ते तुम्हीच सांगा.”

त्यांचे बोलणे चूक नव्हते. त्यांचा नियम मला आयुष्यभर पूज्य वाटत आला आहे आणि माझी नात माझ्या मांडीवर होती. आमच्याकडे मेथीचे ठेपले आणि खाखरे होते. ते सूनबाईंनी त्यांच्यापुढे ठेवले. काकींनी आपला डबा पिशवीत घातला, ठेपले खाल्ले, सूर्यास्तापूर्वी पाणी घेतले, आणि पुढचा तासभर नातीला चोवीस तीर्थंकरांची नावे क्रमाने म्हणून दाखवायला लावली. दोघींचे निभावले. परंतु आमच्याकडे ठेपले नसते तर? नियमाचे पुस्तक उघडून सेविकेने त्यांचा डबा काढून घेतला असता, तर ते मला न्याय्य वाटले नसते. आणि त्यांनी माझ्या शेजारीच बसून तो खाल्ला असता, तर मी स्वस्थ बसू शकलो नसतो. अशा वेळी आसन बदलून देणे, हा साधा उपाय कंपनीच्या हाती असतो.

दुसरी अडचण, बंदी नेमकी कशावर घालायची? शेंगदाणा हा पाश्चात्त्य देशांतील मोठा धोका म्हणून त्यांची बंदी त्याच्यावर. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २००१ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख अ‍ॅलर्जीकारक अन्नघटक असल्याचे दाखवले होते. म्हणजे बेसन, म्हणजे आपली शेव, गाठिया, ढोकळा, पापडी. त्यात दूध, तीळ, गहू मिळवले, तर कुणाच्याच डब्यात काही उरणार नाही. शिवाय एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, भारतातील शाळकरी मुलांत अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे संभाव्य प्रमाण ०.१४ टक्के आढळले. हाँगकाँगमध्ये ते १.५ टक्के होते. हजारात एक-दोन मुले. संख्या अल्प आहे म्हणून दुर्लक्ष करा, असे कुणी म्हणेल. भारताच्या लोकसंख्येत आपण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहोत, तरीही आपला डबा विमानात येतो, हे तेव्हा आठवावे.

तेव्हा सर्व बाजू तोलून माझे मत असे झाले आहे. सरसकट बंदी मागू नये. ती पाळली जाते की नाही हे कुणी तपासू शकत नाही, आणि ‘या विमानात काजू नाही’ असे ऐकून निर्धास्त झालेला पालक मेज पुसायचे विसरतो. मागावे ते इतके: पूर्वसूचना मिळालेल्या उड्डाणात कंपनीने तो पदार्थ स्वतः वाटू वा विकू नये. त्या कुटुंबाला आधी आत सोडून आसन पुसायला वेळ द्यावा. शेजारच्या रांगांना विनंती करावी, आणि कुणाची अडचण असेल तर आसन बदलून द्यावे. प्रत्येक जेवणाचे सर्व घटक लिहिलेले असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, अ‍ॅड्रेनालिन. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मार्गदर्शक यादीत विमानातील वैद्यकीय पेटीसाठी ते सुचवलेले आहे. परंतु कुपीतले औषध ओढायला डॉक्टर प्रवासात असेलच असे नाही. कर्मचाऱ्यांना देता येईल अशा स्वयंचलित रूपात ते प्रत्येक विमानात असावे आणि ते देण्याचे शिक्षण त्यांना मिळावे. पदार्थावरील बंधनाने धोका कमी होतो; प्रसंग ओढवलाच तर जीव औषधाने वाचतो.

पालकांचीही बाजू आहे. आम्ही नातीचा डबा घरून नेतो, विमानातले तिला काही देत नाही, औषध वरच्या कप्प्यात न ठेवता पायाशी ठेवतो. दुसऱ्याच्या संयमावर सर्वस्वी विसंबणे हे शहाणपण नव्हे.

आपल्या परंपरेत यतना हा शब्द आहे. चालताना, बोलताना, अन्न घेताना आपल्यामुळे कुणा जिवाला इजा होऊ नये एवढी सावधगिरी. पाणी गाळून पिताना न दिसणाऱ्या जिवांचा विचार आपण करतो. शेजारच्या आसनावरचे मूल तर दिसते आहे.

म्हणून विमान कंपन्यांना पत्रे लिहिण्याआधी एक काम आपल्या हातचे आहे. आमच्या खराडीच्या सोसायटीत दिवाळीच्या फराळाचे डबे घरोघर फिरतात. गेली तीन वर्षे शेजारणी त्यांवर ‘काजू आहे’, ‘शेंगदाणा आहे’ अशी चिठ्ठी लावतात. कुणी काजू सोडला नाही, आणि नातीला प्रत्येक घरचे काही ना काही खाता येते. संघाच्या स्वामीवात्सल्यात आणि पर्युषणाच्या पारण्यात शेकडो पाने उठतात. तेथे वाढपाच्या टेबलाशी एक फळा ठेवावा आणि प्रत्येक पदार्थासमोर काजू, बदाम, पिस्ता, शेंगदाणा, तीळ, दूध, बेसन, गहू यांपैकी काय आहे ते लिहावे. आचाऱ्याला विचारून लिहायला दहा मिनिटे लागतील. यंदाच्या पारण्याला आमच्या संघात तो फळा लिहिण्याचे काम मी मागून घेतले आहे.