दहा किलोमीटर आले कुठून?

ऑक्टोबर २०२१मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यात, गडीकेश्वर आणि आसपासच्या गावांत, जमिनीच्या पोटातून गडगडाट यायचा आणि पाठोपाठ घर हादरायचं. ११ तारखेच्या रात्री ४.१ रिश्टरचा धक्का बसला. लोक घराबाहेर झोपू लागले. काही कुटुंबांनी तर गावच सोडलं.

लहान धक्क्याचा इतका स्पष्ट आवाज ही उथळपणाची खूण. पण भूकंपाच्या याद्या चाळताना अशा धक्क्यांपुढे ‘खोली १० किमी’ हाच आकडा वारंवार भेटतो. जमीन नेमकी दहावरच का तुटावी?

खोली ठरवण्याइतका पुरावा नसला, की अभ्यासक ती आधीच धरून चालतात आणि जागा व वेळ तेवढी काढतात. पूर्वी कवचाच्या प्रमाण जाडीवरून ३३ किमी धरत. आता भूखंडावरच्या उथळ भूकंपांसाठी बहुधा १०.

खरी अडचण यंत्र लांब असण्याची. भूकंपाची नाभी, म्हणजे खडक जिथे तुटतो ती जागा, ५ किमी खोल असो की १५, शंभर किमीवरच्या यंत्रापर्यंत पहिली लहर पोचायला सेकंदाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याचा फरक पडतो. भूकंपाची वेळ किंचित मागेपुढे धरली, की तोही जिरून जातो. तेच यंत्र पाच किमीवर असलं, तर फरक जवळपास दीड सेकंदाचा! शिवाय तिथे आधी पोचणाऱ्या वेगवान ‘पी’ लहरीनंतर सेकंदाभरात मागची संथ ‘एस’ लहर आली, तर नाभी यंत्रापासून साधारण आठ किमीवर. खोली त्याहून जास्त असूच शकत नाही.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ६.२चा भूकंप झाला, तेव्हा जवळपास यंत्रांचं असं जाळं नव्हतं. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि जर्मन पथकाने यंत्रं मांडली. मागाहूनचे धक्के बहुतांशी वरच्या काही किलोमीटरांतच सापडले. शिवारात जमीन फाटून वर उचलली गेली होती, तिचीही साक्ष हीच. इतक्या उथळ हादऱ्यावर दगडमातीच्या जाड भिंती. सुमारे दहा हजार माणसं गेली.

खोली धरलेली असेल, तर मूळ नोंदीत बहुधा तसा शेरा असतो. बातमीत मात्र उरतो नुसता आकडा. शेराही छापायला हवा: याच पट्ट्यातल्या भालकी-बसवकल्याणच्या माणसाला ‘दहा किमी’ वाचून हायसं वाटतं, आणि त्याच्या घराच्या भिंतीही दगडमातीच्याच असतात.