हार्बर बारमधली एक संध्याकाळ

मराठीचा प्राध्यापक आणि बार ही जोडी प्रहसनातच शोभायची! गेली अठरा वर्षे मी वर्गात 'एकच प्याला' शिकवतो आहे. सुधाकराच्या अधःपातावर मुलांना टिपणेही देतो. पण मेहुण्याला बढती मिळाली आणि आम्हा उभयतांना ताजमहाल हॉटेलातल्या हार्बर बारमध्ये नेण्याचा त्याने हट्टच धरला. ही म्हणाली, "अहो, बाहेर उभं राहून कबुतरं किती वेळा बघायची? एकदा आतून समुद्र बघू." झाले!

हॉटेल १९०३ चे, हा बार १९३३ चा. शहरातला पहिला परवानाधारक बार असा त्याचा लौकिक. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेने आपली दारूबंदी उठवली. आमची अजून यायचीच होती. १९४९ च्या कायद्याने मुंबई कोरडी झाली. कागदावर, अर्थात. तो कायदा पुष्कळ सैल होऊनही अजून जिवंत आहे आणि प्यायला परमिट लागते, तेही बहुधा कागदावरच.

मेहुण्याने मार्टिनी मागवली. बारवाल्याने जिन आणि व्हर्मूथ छोट्या मापाने मोजून घेतली, बर्फात सावकाश ढवळली, गाळून निमुळत्या पेल्यात ओतली आणि वर एक ऑलिव्ह सोडले. एक थेंब इकडेतिकडे नाही. आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा इतकी शिस्त दिसत नाही! शेजारच्या टेबलावर 'ओल्ड फॅशन्ड' गेले: व्हिस्की, साखर, कडू अर्काचे थेंब आणि संत्र्याची साल. चखण्याची बशी आली, तिच्यात जिन्नस कमी आणि बशीच जास्त. "एवढ्यात आपल्या अख्ख्या चाळीला वडे झाले असते," ही माझ्या कानात म्हणाली.

मी त्या मापाकडे बघत होतो. माझे वडील छापखान्यात होते. पगाराच्या दिवशी आई मला देशी दारूच्या गुत्त्यापाशी पाठवी. आत जायचे नाही, बोलायचे नाही. त्यांना दिसेल असे नुसते उभे राहायचे. तिथेही पेले होते, मीठ होते, उकडलेली अंडी होती. उभ्या उभ्या एका घोटात पेला रिकामा व्हायचा. कधी कधी मी त्यांना दिसायचो.

मी लिंबू-सोडा मागितला. त्या बारवाल्याने तोही मार्टिनीइतक्याच निगुतीने केला, भुवईसुद्धा न उंचावता. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर उत्पन्न झाला तो तेव्हा.

"मी एक घोट घेऊन बघू?" हिने विचारले. मेहुणा हसला. मी खिडकीबाहेर गेटवेपाशी डुलणाऱ्या होड्यांकडे पाहिले. नाही म्हणायचे तर कोणत्या तोंडाने, आणि हो म्हणायचे तर गुत्त्यापाशी उभा असलेला तो मुलगा काय म्हणेल? माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने घोट घेतलाही. "शी! काढा बरा."

घरी पोचायला साडेदहा झाले. दार आईने उघडले. उशिरा आलेल्या माणसाच्या जवळ जाऊन क्षणभर थांबायची तिची जुनी सवय. वडील जाऊन बारा वर्षे झाली तरी ती सुटलेली नाही. तिला सोपे जावे म्हणून मी जरा वाकलो. हिने मात्र तोंडाला पदर लावून थेट स्वयंपाकघर गाठले.