आबांची गाडी

गाडी कशासाठी घ्यायची, याची कारणे आमच्या गावात सर्वांना पाठ आहेत. शेतमाल न्यायला, लग्नकार्याला, दवाखान्याला, आणि शेजाऱ्याने घेतली म्हणून. गाडी चालवायला आवडते म्हणून गाडी घेणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. तो आमच्याच घरात निघावा, आणि ते आमचे आबाच असावेत, याचे सगळ्यांना नवल वाटले. आईला नवलापेक्षा रागच अधिक आला.

आबा ड्रायव्हर आहेत. १९९७ पासून वाईतल्या एका डॉक्टरसाहेबांची गाडी चालवतात. सुरुवातीला अँबॅसेडर होती, मग मारुती ८००, आणि मग दर पाच-सहा वर्षांनी आधीच्यापेक्षा मोठी गाडी येत गेली. शिक्षण सातवीपर्यंत. पण त्यांच्या हातचा ब्रेक लागलेला कळत नाही, असे साहेबांच्या घरचे सगळे म्हणतात. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसलेला माणूस पुण्यापासून वाईपर्यंत झोपलेला असला, तर वाईच्या फाटकातच तो जागा व्हावा, ही आबांची विद्या. ही विद्या चांगलीच आहे. तिच्यावर आमचे घर चालते आणि माझी कॉलेजची फी भरली जाते. पण तिचा एक अर्थ असाही होतो की २८ वर्षे हा माणूस दुसऱ्याच्या झोपेच्या बेताने गाडी चालवत आला.

२००६ साली साहेबांच्या मुलाने नवी स्विफ्ट घेतली. ही गाडी आपल्याकडे २००५ मध्ये आली आणि पोरासोरांना तिने वेड लावले. ती सर्व्हिसिंगला साताऱ्याला न्यायची होती. मुलाला वेळ नव्हता, म्हणून आबा एकटेच निघाले. वाई ते सातारा पस्तीसेक किलोमीटर. त्या पस्तीस किलोमीटरांबद्दल आबा आम्हाला इतक्या वेळा सांगत आले की माझ्या धाकट्या भावाने लहानपणी 'माझा आवडता प्रवास' या निबंधात तेच लिहून दिले होते आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळाले होते.

जाहिरातीत अशा गाडीला 'स्पोर्टी' म्हणतात. आबांचा शब्द 'खोंड'. मला तो अधिक नेमका वाटतो. चार चाके गाडीच्या चार कोपऱ्यांना, वजन हजार किलोच्या आत, आणि तेवढ्या अंगाला बाराशे सीसीचे सुमारे ८५ अश्वशक्तीचे इंजिन. स्टिअरिंग वळवले की पुढचे तोंड लगेच वळते. मोठ्या जीपगाडीसारखे आधी विचार करीत नाही. याची किंमतही मोजावी लागते. मागे पाय आखडून बसावे लागते, डिकीत कांद्याच्या दोन पिशव्या धड मावत नाहीत, आणि खराब रस्त्यावरचा खड्डा पाठीला कळतो.

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हेच सगळे मोठ्या आवाजात मांडले. "अरं, ईको घे. सात माणसं बसत्यात. सीटा काढल्या तर भाजी जाती. दोन पैसं सुटतील." आबांनी उत्तर दिले, "माणसं नेऊन नेऊनच म्हातारा झालो की." तात्यांना ते उत्तर वाटले नाही. मला वाटले.

पैशाचा हिशेब असा होता. आबांची तीन वर्षांची भिशी सुटली होती आणि आईने डेअरीच्या दुधाचे साठ हजार साठवले होते. आईच्या मनात घरावर स्लॅब टाकायचा होता. आमच्या घरावर पत्रे आहेत आणि पावसाळ्यात तीन ठिकाणी गळतात. गाडीला तिचा साफ नकार होता. पण २०२३ च्या जुलैमध्ये आबा साहेबांना विमानतळावर सोडून रात्री साडेअकराला वाईत आले आणि तिथून मोटारसायकलने गावाकडे निघाले. भर पावसात घसरून पडले, कंबरेला मार बसला, आणि दीड तास रस्त्याकडेला कोणी थांबले नाही. आमचे गाव वाईपासून अकरा किलोमीटर. ही ये-जा त्यांना रोजची, आणि आता कॉलेजमुळे मलाही. २०२५ च्या मार्चमध्ये आईने दुधाचे पैसे डब्यातून काढून आबांपुढे ठेवले. म्हणाली, "पत्रा गळला तर खाली घमेलं ठिवता येतं. रस्त्यात पडलेल्या माणसाखाली काय ठिवू?" आणि लगेच पुढे, "पण पोरगी संगं ने. कागूद तीच वाचंल."

अशी मी या व्यवहारात आले. आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारी मी पहिलीच. त्याचा मला एरवी थोडा अभिमानही वाटतो. पण सव्वादोन-अडीच लाखांचा कागद हातात आला की तो अभिमान कुठल्या कुठे जातो. परीक्षेत उत्तर चुकले तर माझेच गुण जातात. इथे आईची दुभती म्हैस पणाला लागली होती.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या एका दुकानात पाहिली. लालभडक, पुसून चकचकीत केलेली. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. आबांनी मीटरकडे पाहिलेच नाही. ते खाली वाकले आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर पाहू लागले. ते झिजून गुळगुळीत झाले होते. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड दबलेली, स्टिअरिंगवर हात लागतो तिथे चकाकी आलेली. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "एक लाखाच्या पुढं पळालीया." माझे आजोबा बाजारात बैलाचे दात मोजून वय सांगत, आणि दात घासून बैल तरुण करणारे व्यापारीही त्यांना ओळखू येत. आबांनी ती विद्या लोखंडावर आणली आहे. तरीही गाडी त्यांना आवडली. इंजिन चांगले होते. मीटर खोटे तर खोटे, त्याचे पैसे कमी करून घेऊ, असा त्यांचा विचार. पाच हजार विसार देऊन आम्ही आलो आणि कागद दुसऱ्या दिवशी पाहायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी मी आर. सी. वाचली. इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक गाडीवरच्याशी जुळवले, जुळले. पण बँकेचा बोजा अजून तसाच होता. वाहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहिले, तिथेही तेच. कर्ज फिटले असेल तर बँक 'ना हरकत' देते, फॉर्म ३५ भरून तो बोजा उतरवता येतो, आणि मगच फॉर्म २९ व ३० वर गाडी दुसऱ्याच्या नावे निर्धोक होते. दुकानदार म्हणाला, "ताई, बँकेचा कागद येतोयच. तुम्ही आज गाडी घेऊन जा, नावाचं होईल महिन्याभरात."

आबांचे डोळे त्या लाल गाडीवर होते. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले: हप्ते थकले असतील, तर गाडी आपल्या दारातून बँक नेईल; आपले पैसे याच्याकडे राहतील. आबांनी ते पान बराच वेळ पाहिले. त्यांना अक्षरे लागतात, पण सावकाश. मग उठले आणि म्हणाले, "ह्यातलं तिला कळतं." विसार परत मिळाला नाही. पाच हजार म्हणजे आबांचा नऊ दिवसांचा पगार. घरी आल्यावर आईला त्यांनी एवढेच सांगितले, "चहापाण्याला ग्येलं." आईने पुढे विचारले नाही. मी त्या रात्री जेवले नाही.

दुसरी गाडी वाईतच मिळाली. एका जुन्या वाड्याच्या अंगणात झाकून ठेवलेली, करडी, २०१३ च्या जूनची, पेट्रोलवरची. मालक परगावी नोकरीला. त्यांचे वृद्ध वडील वाड्यात एकटे राहत. आबा ठरल्या वेळेच्या तासभर आधीच गेले आणि पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. गार होते. गरम इंजिन आपले दुखणे लपवते, म्हणून विकणारे ते आधीच चालू करून ठेवतात, असे त्यांनी मला सांगितले. धूर निळा आला तर ऑइल जळते आहे, काळा आला तर पेट्रोल. काहीच आले नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस नव्हता. इंजिनला पट्ट्याऐवजी साखळी आहे, त्यामुळे पट्टा बदलण्याचा खर्च नाही. टायरवर मात्र '३२१६' असा आकडा होता. २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी शाबूत, पण रबराला बारीक चिरा. आबांनी टायरचे पैसे तोडून मागितले, आणि दोन लाख पंचेचाळीसवरून गाडी दोन लाख पंचवीसला आली. कागद स्वच्छ होते. बोजा नाही, दंडाची थकबाकी नाही, विमा चालू. नोंदणी २०२८ पर्यंत. पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षे वाढवता येते. आईने हाच प्रश्न विचारून ठेवला होता: "जगंल किती?"

म्हाताऱ्या बाबांनी किल्ली आबांच्या हातात दिली. "जा, पसरणीचा घाट चढवून या. मी कशाला येऊ?"

मी मागे बसायला निघाले, सवयीने. आबा म्हणाले, "म्होरं बस."

घाट लागेपर्यंत आबा नेहमीसारखेच चालवत होते. पहिल्या वळणावर त्यांनी गिअर खाली घेतला आणि गाडीचा आवाज बदलला. पुढच्या वळणाला त्यांनी ब्रेक वळणाच्या आधीच सोडला, गाडी आत वळवली आणि बाहेर पडता पडता पाय दाबला. माझी पाठ सीटला टेकली. कुठे धसमुसळेपणा नाही, समोरून एस.टी. आली तर कडेला थांबून वाट दिली. पण हे चालवणे मी कधी पाहिले नव्हते. मागे झोपलेले कोणी नव्हते. आबांचा चेहरा मी बाजूने पाहत होते. तो शाळेतल्या फोटोतल्यासारखा दिसत होता. आमच्या घरी त्यांचा तेवढा एकच लहानपणीचा फोटो आहे. पाचगणीच्या वेशीवर गाडी वळवून त्यांनी क्षणभर थांबवली, खाली कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाय, कागूद नक्की बरूबर हाय न्हवं?"

मी म्हणाले, "बरोबर आहे, आबा." एवढी खात्रीने मी आजवर कुठल्याच परीक्षेत लिहिलेले नाही.

पुढचे काम माझे होते. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो; विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करून घ्यायचा असतो. विकणाऱ्याचाही जीव यात अडकलेला असतो. गाडी विकली, पण कागदावर नाव तेच राहिले, तर अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. बाबांना मी तो समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मुली, उद्याच जाऊ या." महिन्याभराने पोस्टाने कार्ड आले. आबांनी मला मालकाचे नाव मोठ्याने वाचायला लावले. मग भावाला. मग आईसमोर पुन्हा मला.

आता सकाळी सात-दहाला आम्ही निघतो. आबा मला कॉलेजच्या चौकात सोडतात, स्विफ्ट साहेबांच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली लावतात आणि आतली मोठी, आपोआप गिअर बदलणारी गाडी बाहेर काढतात. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. महिन्याचा खर्च मोटारसायकलच्या तिपटीने आहे, आणि तात्या तो दर महिन्याला विचारतात. पत्रे अजून गळतात.

आईला मागच्या सीटवरून काही दिसत नाही. या गाडीच्या मागच्या खिडक्या वर चढत गेलेल्या आणि लहान आहेत, आई बुटकी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "कणगीत बसल्यावानी वाटतंया." तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती पुढे बसते आणि मी मागे. तिचे म्हणणे खरे आहे. मागून फक्त आबांचे डोके आणि थोडे आभाळ दिसते.