टोलनाक्याच्या पुढे, घाटाच्या पलीकडे

मुंबई-आग्रा हायवेवर नाशिक सोडलं की तासाभरात चांदवडचा टोलनाका येतो. फास्टॅग वाजतो, गाडी सुटते आणि चांदवड संपतं! धुळ्या-इंदूरला निघालेल्या बहुतेकांसाठी हे गाव एवढंच. आमच्या ऑफिसातल्या नऊ जणांनी मात्र श्रावणातला एक अख्खा रविवार याच पट्ट्यात घालवायचं ठरवलं. वाटाड्या होती देवळ्याची मैत्रीण. तिची अट एकच, ‘चांदवड दाखवते, पण देवळ्यात बघण्यासारखं काही नाही, हट्ट करू नका.’

चांदवडचा रंगमहाल गावातच आहे. होळकरांचा हा वाडा अहिल्याबाईंच्या काळातला. बाहेरून किल्ल्यासारखा दणकट. आत कोरीव लाकडी खांब, भिंतींवर चित्रं. काही पुसट झालीत, काही अजूनही रंग धरून आहेत. चौकात उभं राहिलं की प्रश्न पडतो, एवढा थाट इथंच का? उत्तर बाहेरच्या रस्त्यावर आहे. सातमाळा डोंगररांग ओलांडून खानदेशात आणि पुढे माळव्यात उतरणारी वाट इथूनच जाते. पुणं एकीकडे, महेश्वर-इंदूर दुसरीकडे. अशा गावात टांकसाळही होती, इथला ‘चांदवडी रुपया’ प्रसिद्ध होता. म्हणजे पैसे वाजायची या गावाला जुनीच सवय! (दुरुस्तीमुळे काही भाग बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा. आणि भिंतींना टेकून फोटो काढू नका, प्लीज.)

रेणुकामातेचं दर्शन झटपट उरकून आम्ही सोग्रस फाट्यावरून देवळ्याकडे वळलो. पश्चिमेला ढग हलले आणि धोडप दिसला. कातळाच्या भिंतीत मधेच खाच, कुणी दात पाडल्यासारखी. याच धोडपला 1768 साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला आणि काकांना पकडून पुण्याला शनिवारवाड्यात नेऊन ठेवलं. ‘म्हणजे हे त्यांचं अप्रेझल,’ मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालंच!

भावडबारी घाट उतरून देवळा. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून हा ‘कसमादे’ पट्टा, म्हणजे कांद्याचा मुलूख. जेवायला मैत्रिणीच्याच घरी. बाजरीची भाकरी, झणझणीत शेवभाजी, ठेचा. पुण्याचा मुलगा तिसऱ्या घासाला घामाघूम, पण ताट सोडायला तयार नाही.

मग काकांनी चाळ दाखवली. आपल्या डोक्यात गिरगावची चाळ, इथली कांद्याची. जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी फटी ठेवलेली, वारा खेळता राहावा म्हणून. उन्हाळ्यात काढलेला कांदा इथं महिनोन् महिने भावाची वाट बघतो. पावसाळी हवेत रोज थोडा सडतो, वजनही घटतं. आज विकला तर भाव नाही, थांबलं तर मालच कमी. आमच्या ग्रुपवर कांदा महागला की जोक्स फिरतात; त्यातलेच एक-दोन फॉरवर्ड करणारा गडी इथं बराच वेळ गप्प होता.

‘मग विकायचा कधी?’ त्यानं विचारलं.

‘पोरीची फी भरायची असली की,’ काका हसत म्हणाले.

मैत्रीण तोवर गाडीच्या डिकीत जागा करत होती. काकूंनी प्रत्येकासाठी पाच-पाच किलोची पिशवी भरून ठेवली होती.