सत्तेचाळिसाव्या वर्षी गोलंदाजी : पद्माकर शिवलकर आणि आपला खांदा



दिवाळीच्या सुट्टीत गावोगावी टेनिस बॉलचे सामने होतात आणि नंतर माझ्या बीडच्या दवाखान्यात खांदा धरून पेशंट येऊ लागतात. बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. "डॉक्टर, मोठे खेळाडू नाही का या वयात खेळत?" हा प्रश्न ठरलेला.

खेळतात की. माझे आवडते पद्माकर शिवलकर १९८७-८८ च्या मोसमात, वयाच्या ४७ व्या वर्षी, निवृत्तीनंतर पुन्हा मुंबईसाठी खेळले. डावखुरे फिरकी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी! पण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, म्हणून भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही. रणजीच्या मानधनावर घर चालण्याचे ते दिवस नव्हते. तरीही ते खेळत राहिले. मार्च २०२५ मध्ये, ८४ व्या वर्षी, ते गेले.

मग त्यांना जमले ते तुम्हाला का जमू नये? नीट समजून घ्या.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवतात चार लहान स्नायू आणि त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा. चाळिशीनंतर या कंडरा झिजू लागतात. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याची शक्यता आणखी वाढते. सरावाने त्या भार सोसायला शिकतात, पण सावकाश, स्नायूंपेक्षाही सावकाश. शिवलकरांच्या त्या ४७ व्या वर्षामागे वीसहून जास्त वर्षांची गोलंदाजी होती, तीही फिरकी. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पाय आणि कमरेवर येतो. फिरकीत तो बराच कमी असतो.

आपण मात्र वीस वर्षे खुर्चीत बसतो आणि पहिलाच चेंडू जीव तोडून टाकतो.

म्हणून खेळायचे असेल तर :

• सामन्याआधी किमान सहा आठवडे रोज भरभर चालायला लागा.
• आठवड्यातून दोन-तीनदा थोडेच चेंडू टाका, हळूहळू वाढवा.
• खेळण्यापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करा.
• मधुमेह, रक्तदाब असेल किंवा तंबाखू-विडीची सवय असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.
• रात्री खांद्यावर झोपता येत नसेल किंवा हात वर जात नसेल, तर नुसते चोळत बसू नका, दाखवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. खेळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काहीही झाले तर तो "गॅस" समजू नका. "एवढी ओव्हर संपवतो" असेही म्हणू नका. ताबडतोब थांबा आणि ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जा. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका. १०८ ला फोन करा किंवा कोणालातरी सोबत घ्या. हृदयविकारात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

शिवलकरांचे बळी मोजताना त्यांनी टाकलेले हजारो चेंडूही आठवा. तुमच्या वयाला खेळ वर्ज्य नाही, पण तयारी हवी. उद्या सकाळपासून चालायला लागा.