न विचारलेल्या मुली

लुलू आणि नाना ही त्यांची खरी नावं नव्हेत. खरी नावं झाकलेलीच राहोत, असं मला मनापासून वाटतं. २०१८च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या परिषदेत हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञानं जगाला सांगितलं, की या जुळ्या मुली भ्रूणावस्थेत असतानाच त्यानं त्यांच्या जनुकात बदल केला. वडिलांना एचआयव्हीची लागण होती. मुलींना ती कधीच होऊ नये म्हणून सीसीआर५ हे जनुक निकामी करायचं होतं. पण वडिलांकडून बाळाला लागण होऊ नये यासाठी शुक्राणू धुऊन घेण्याची पद्धत आधीपासून होती, आणि ती त्यानं वापरलीही होती. मग क्रिस्पर ही जनुकं कापणारी कात्री चालवली कुणासाठी? न्यायालयानं त्याला तीन वर्षांची कैद दिली. तो सुटला. मुलींच्या पेशींतला बदल मात्र उद्या त्यांच्या लेकरांतही उतरू शकतो.

मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे मात्र जनुकबदलाच्या उपचाराला स्वतःहून तयार झाल्या. सिकलसेलनं जन्मभर छळलेलं शरीर. २०१९ मध्ये त्यांच्याच मूलपेशी काढून त्याच क्रिस्परनं बदलल्या, केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी केली आणि त्या पेशी परत सोडल्या. बदल त्यांच्या रक्तापुरता. पुढच्या पिढीत तो जात नाही. २०२३ मध्ये या उपचाराला आधी ब्रिटननं, मग अमेरिकेनं मान्यता दिली. किंमत बावीस लाख डॉलर.

तो आकडा वाचला आणि गडचिरोली, नंदुरबार आठवलं. तिथंही हाच सिकलसेल. जनुकातलं एकच अक्षर चुकतं, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकू लागतात. तिथल्या पाड्यांवर त्यावर गोळ्या आहेत, रक्ताची पिशवी आहे, आणि लग्नाआधी रक्त तपासून घ्या, हा सल्ला. नवराबायको दोघंही वाहक असले, तर दर गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याचा धोका चारात एक.

अशी एखादी आई म्हणाली, माझ्या गर्भातच हे अक्षर दुरुस्त करा, तर? तिच्यासमोर नीतीची व्याख्यानं देण्याची माझी छाती नाही. तरीही मी तिला थांब म्हणेन. गर्भात आजार आहे का, हे सांगणारी तपासणी आज आहे; न जन्मलेल्या जिवावर अर्धवट कळलेला प्रयोग नको. पण त्याआधी, थंडी पडली की कळवळणारा तिचा थोरला आहे. दुखतंय म्हणून तो स्वतः सांगतो. त्याचा उपचार तिच्या तालुक्याच्या रुग्णालयात, तिला परवडेल असा आला पाहिजे.